पाठीराखी

तिचं नाव पृष्ठरज्जू. शाळेच्या विज्ञानात तिची ओळख एका ओळीत होते आणि तिथेच संपते. प्राण्यांचे दोन गट, ती असलेले आणि ती नसलेले. पहिल्यात मासा, बेडूक, पाल, कावळा, वटवाघूळ, देवमासा आणि आपण. दुसऱ्यात झुरळ, गांडूळ, गोगलगाय, खेकडा असा बाकीचा सगळा गोतावळा. परीक्षेपुरतं एवढं पाठ होतं. पण जिच्या नावावर एवढं मोठं घराणं चालतं ती बाई घरात कुठे आहे, असं कुणी विचारत नाही. पाठीवरून हात फिरवला तर मणके लागतात. मणक्यांच्या आतून मेंदूची शेपटी खाली गेलेली असते, तिला मज्जारज्जू म्हणतात. या दोन्हींपैकी कुणीच ती नव्हे. ती दोघांच्याही आधी आली होती, आणि दोघांनाही जागा तिनेच नेमून दिली.

दिसायला ती अगदीच साधी. लांबुळकी, पारदर्शक, लवचीक कांडी. हाड म्हणावं तर हाड नाही आणि कूर्चाही नाही. आत मोठाल्या पोकळ्या असलेल्या पेशी, पोकळ्यांत पाणीदार द्रव, आणि भोवती चिवट तंतूंचं घट्ट वेष्टन. पेशी फुगू पाहतात, वेष्टन त्यांना फुगू देत नाही. या ओढाताणीतून सायकलच्या ठासून हवा भरलेल्या ट्यूबसारखा ताठपणा येतो. दाबाला रुंदीकडे वाट मिळत नाही, म्हणून तो लांबीकडे वळतो आणि त्याबरोबर सगळा गर्भच लांब होत जातो. डोकं एकीकडे, शेपटी दुसरीकडे, ही आपल्याला इतकी गृहीत वाटणारी गोष्ट आधी कुणीतरी ताणून आणावी लागते. ते ताणणं बऱ्याच अंशी तिचं.

तिच्या वरच्या अंगाला चेतासंस्थेची नळी, खालच्या अंगाला आतडं, दोन्ही बाजूंना स्नायू आणि हाडं होऊ घातलेले ठोकळे. माशापासून माणसापर्यंत हा नकाशा बदलत नाही. पुढे कुणाला पंख फुटतात, कुणाला खूर येतात, कुणी पाय गमावून सरपटू लागतं, ती सगळी नंतरची हौस.

तिला नीट पाहणारा पहिला माणूस कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर. कोनिग्सबर्गमध्ये बसून तो कोंबडीची अंडी फोडत असे आणि रोज थोडं थोडं वाढणारं पिल्लू पाहत असे. 1828 साली छापलेल्या ग्रंथात त्याने पिल्लाच्या पाठीतल्या या कांडीचं वर्णन केलं. त्याच ग्रंथात त्याने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. त्याच्याकडे मद्यार्कात ठेवलेले दोन छोटे गर्भ होते आणि त्यांवर चिठ्ठ्या लावायचं राहून गेलं होतं. ते सरड्याचे, पक्ष्याचे की सस्तन प्राण्याचे, हे आता सांगता येत नाही, असं त्याने सरळ लिहून टाकलं. गर्भविज्ञान ज्याने उभं केलं त्या माणसाला ओळखू येईना. येणार कसं? त्या वयात घरात राज्य तिचं असतं, आणि तिच्या राज्यात सगळी मुलं सारखीच दिसतात.

माणसात ती येते गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात. आईची पाळी नुकती कुठे चुकलेली असते, घरात कुणाला काही सांगितलेलं नसतं, आणि आत मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या चपट्या चकतीवर पृष्ठरज्जू पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं ठरवायच्या मागे लागलेली असते. ते डोळ्यांनी बघायचं असेल तर कोंबडीचं अंडं बरं. उबवायला ठेवल्यापासून पहिल्या दिवसातच बलकावरच्या पांढुरक्या चकतीवर मधोमध एक चीर उमटते. चिरेच्या पुढच्या टोकाला पेशींची बारीक गाठ असते, तिला व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव मिळालेलं आहे. अठरा-वीस तास झाले की ही गाठ मागे सरकू लागते आणि सरकता सरकता आपल्या वाटेवर पृष्ठरज्जू मांडत जाते. तिच्या दोन्ही बाजूंना ठोकळ्यांची जोडी पडते, दीडेक तासाने दुसरी, मग तिसरी. अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून हे पाहणाऱ्यांची एक परंपरा पुण्यातही आहे. एडिंबरोत गर्भशास्त्रज्ञ वॅडिंग्टन यांच्याकडे संशोधन करून आलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात ती रुजवली.

बेडकात आणि न्यूटमध्ये, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या भाऊबंदात, तिचा प्रवेश जास्त नाट्यमय असतो. गर्भ तेव्हा पेशींचा पोकळ गोळा असतो. एका जागी तो आत खचतो, भोक पडतं, आणि भोकाच्या वरच्या ओठावरून पेशींची रांग आत शिरते. त्या आत शिरणाऱ्यांतून ती होते. हे पहिलं भोक पुढे गुदद्वार होतं, तोंड मागाहून दुसऱ्या टोकाला फुटतं. तारामासा आणि सी-अर्चिन यांचीही सुरुवात अशीच मागच्या दाराने होते. म्हणून दिसायला कितीही परका असला तरी तारामासा आपला चुलत नातलग ठरतो, आणि डोळे, पाय, नांग्या सगळं असलेला खेकडा लांबचा.

या ओठाची ताकद उघड झाली ती जर्मनीतल्या फ्रायबुर्गला. हान्स श्पेमान तिथे प्राध्यापक होते. तान्ह्या बाळाच्या केसाचा फास करून न्यूटच्या अंड्याला मधोमध आवळणारा हा माणूस, हात अतिशय हलका. त्यांच्या हाताखाली हिल्डे मांगोल्ड नावाची तरुण विद्यार्थिनी पीएच.डी. करत होती. तिने दोन जातींचे न्यूट घेतले, एक फिका, एक गडद. फिक्या गर्भाच्या भोकाचा वरचा ओठ कापला आणि गडद गर्भाच्या पोटाकडच्या भागात बसवला. बहुतेक गर्भ मेले. जे मोजके जगले, त्यांच्या पोटावर दुसरा गर्भ उगवला, पोटाला पोट चिकटलेलं जुळं भावंड. आता रंगांचा उपयोग झाला. दुसऱ्या गर्भाची पृष्ठरज्जू फिक्या पेशींची होती, म्हणजे पाहुण्या ओठाची. तिच्यावरची चेतासंस्थेची नळी मात्र मुख्यतः गडद पेशींची होती. ज्या पेशी एरवी पोटाची कातडी होऊन गप्प पडून राहिल्या असत्या, त्यांना या पाहुण्यांनी मेंदू व्हायला लावलं.

शोधनिबंध 1924 साली आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये घरातल्या शेगडीचा भडका उडून हिल्डे भाजली आणि गेली. वय पंचवीस. नोबेल 1935 साली श्पेमान यांना मिळालं. मृतांना ते देत नाहीत हा नियम ठीक आहे, पण नियम माहीत असूनही या दोन वाक्यांमध्ये थोडं थांबावंसं वाटतं. पृष्ठरज्जूच्या गोष्टीत बायका बऱ्याच आहेत, पुढेही येतील. त्यात काही संकेत शोधायला मी जात नाही. अंड्यांवरचं हे काम चिकाटीचं आणि नाजूक हातांचं असल्याने त्यांना प्रयोगशाळेत हे टेबल मिळालं असावं, इतकंच.

हुकूम सोडणं हा तिचा स्वभाव आहे. कोंबडीच्या गर्भातून तिला काढून टाकलं, तर वरच्या नळीचा तळ तयार होत नाही आणि हातपाय हलवणाऱ्या चेतापेशी जन्मतच नाहीत. उलट, नळीच्या कुशीला दुसरी पृष्ठरज्जू आणून बसवली, तर नळी त्या बाजूलाही तळ मांडून मोकळी होते. म्हणजे खाली कुठे आणि वर कुठे, हे नळीचं नळीला कळत नाही. ती जिकडे असेल तिकडे खाली. तिच्याजवळच्या पेशींना तिचा आवाज मोठा ऐकू येतो, लांबच्यांना बारीक, आणि ज्याला जेवढा ऐकू आला त्याप्रमाणे ज्याचा त्याचा धंदा ठरतो.

हा आवाज म्हणजे एक प्रथिन. त्याचं नाव ऐकून गंभीर माणसाने कपाळाला हात लावावा. आधी फळमाशीत एक जनुक सापडला होता. तो बिघडला की अळीच्या अंगभर काटे येतात, म्हणून त्याला ‘हेजहॉग’, म्हणजे काटेरी अंगाच्या एका छोट्या प्राण्याचं नाव मिळालं. क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधातला हा जनुक. 1995 च्या नोबेलमागे हेच काम होतं. पुढे 1993 मध्ये कणा असलेल्या प्राण्यांत त्याची भावंडं मिळाली, आणि त्यांतल्या एकाचं नाव व्हिडिओगेममधल्या निळ्या पात्रावरून ‘सोनिक हेजहॉग’ ठेवलं गेलं. तरुण संशोधकांना गंमत वाटली असेल. आता हा जनुक बिघडून बाळ व्यंग घेऊन जन्मलं, की डॉक्टरांना त्या आईबापांसमोर हेच नाव उच्चारावं लागतं. नाव ठेवताना पुढचा विचार करावा, हे आपल्याकडे बारशाला तरी करतात.

वर ती बोलते, खाली गप्प बसवते. तिच्या खालून जाणाऱ्या आतड्याच्या नळीत हेच सोनिक सगळीकडे तयार होत असतं, पण जिथे ती आतड्याला टेकलेली असते तिथे ती ते बंद करायला लावते. तेवढ्या गप्प जागेतून स्वादुपिंडाचा अंकुर फुटतो. इन्सुलिन करणारा हा अवयव, ज्याच्या कामगिरीची आज घरोघरी बोट टोचून विचारपूस चालते, तो तिने एका जागी शांतता पाळायला लावली म्हणून उगवलेला आहे.

आणि मग येतं तिच्या चरित्रातलं मला सगळ्यांत विलक्षण वाटणारं प्रकरण. दोन्ही बाजूंच्या ठोकळ्यांनाही ती हाक घालते. हाक ऐकलेल्या पेशी ठोकळ्यातून सुटतात, तिच्याकडे चालत येतात आणि तिच्याभोवती जमतात. त्यांना तिनेच ठरवून दिलेलं असतं की तुम्ही मणके व्हा. त्या मणके होतात. मणका घट्ट होत जातो तशी त्याच्या आत सापडलेली पृष्ठरज्जू चेपत जाते, बारीक होते, नाहीशी होते. जिने बोलावलं तिलाच आलेले पाहुणे बाहेर ढकलतात. दोन मणक्यांच्या मध्ये जी फट राहते तेवढ्यात मात्र ती तग धरते आणि तिथे थोडी फुगतेसुद्धा. अखंड कांडीचे असे तुकडे तुकडे होतात आणि एकेका फटीत एकेक अडकून राहतो. जन्माच्या आधीच तिचा संसार असा वाटला जातो.

सगळ्या घरांत तिच्यावर ही पाळी येत नाही. अँफिऑक्सस नावाचा प्राणी आहे, बोटभर लांब, दोन्हीकडे निमुळता, उथळ समुद्राच्या वाळूत तोंड तेवढं बाहेर काढून पुरून घेणारा. प्राणिशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने त्याची आकृती वहीत काढलेली असते. 1774 मध्ये पालास याने त्याचं पहिलं वर्णन केलं ते गोगलगायीचा प्रकार म्हणून. याच्यात कणा नाहीच, त्यामुळे ती पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत आयुष्यभर सलग, तीही स्वतःचे स्नायू असलेली. चीनमध्ये शियामेनच्या किनाऱ्यावर हे प्राणी एकेकाळी टोपल्या भरभरून पकडत आणि खात. आपल्या पूर्वजाची एवढी जवळची प्रतिमा कुणी रोजच्या जेवणात खात असेल तर त्यात वावगं काही नाही, भुकेला वंशावळ कळत नाही.

सी-स्क्वर्टची कथा वेगळी. हा दाबल्यावर पाण्याची पिचकारी सोडणारा पिशवीसारखा जीव मुंबईच्या बंदरात बोटींच्या तळाला आणि धक्क्याच्या खांबांना चिकटलेला असतो. बरीच वर्षं याची गणना शिंपल्या-कालवांच्या गोतात होई. 1866 मध्ये रशियाच्या अलेक्सांडर कोवालेव्स्की याने नेपल्सच्या समुद्रातल्या अशाच प्राण्यांची पिल्लं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि गणना साफ बदलावी लागली. पिल्लू छोट्या बेडूकमाशासारखं पोहत होतं आणि त्याच्या शेपटीत ती होती. आज आपल्याला माहीत आहे की यांच्यातल्या एका नेहमीच्या जातीत ती फक्त चाळीस पेशींची असते, एकामागे एक लागलेल्या. काही तास, फार तर दिवस-दोन दिवस पिल्लू पोहतं. मग बूड टेकायला जागा मिळाली की शेपटी आत ओढून पचवून टाकतं, तिच्यासकट. ज्याला पुन्हा हलायचं नाही त्याला पाठीराखी कशाला हवी?

मोठ्या माशांतही काहींनी तिला सोडलेलं नाही. लॅम्प्री, हॅगफिश, स्टर्जन यांच्यात ती म्हातारपणापर्यंत असते. दक्षिण आफ्रिकेत 1938 मध्ये मार्जरी कोर्टनी-लॅटिमर या संग्रहालयातल्या तरुणीला मासळीच्या ढिगात जो सीलाकँथ दिसला, ज्याच्या गोतातला शेवटचा मासा कोट्यवधी वर्षांपूर्वी संपला असं धरून चाललेले होते, त्याच्याही अंगात मणक्यांऐवजी तिचीच तेल भरलेली जाड नळी असते. रशियन लोकांचा व्यवहार आणखी रोखठोक. स्टर्जनची अंडी कॅव्हिअर म्हणून श्रीमंतांकडे गेली की मागे राहिलेल्या माशातून ते ही लांबलचक कांडी ओढून काढत, सुकवत आणि व्याझिगा या नावाने विकत. भिजवली की ती फुगते. मग शिजवून, बारीक चिरून पिरोगच्या सारणात घालायची. शास्त्रज्ञांनी जिच्यासाठी आयुष्यं घालवली ती बाजारात जुडीने मिळत होती.

तोतयेही निघाले. बॅलॅनोग्लॉसस हा चिखलात राहणारा किडा. त्याच्या सोंडेत शिरणारी आतड्याची एक आखूड शेंडी पाहून विल्यम बेटसन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती पृष्ठरज्जूच असल्याचं मांडलं, आणि किडा आपल्या घराण्यात आला. पुढे तपासात शेंडी काही ती ठरली नाही. किड्याला वेगळा संघ काढून द्यावा लागला. तरी तो जवळचा सोयरा आहे हे बेटसनचं म्हणणं टिकलंच.

जिथे ती मुळातच नाही, तिथे काय मांडणी असते ते झुरळ उलटं करून बघावं. किड्यांची मुख्य चेतारज्जू पोटाकडून जाते, हृदय पाठीकडे असतं. आपलं बरोबर उलट. एत्येन जॉफ्र्वा सेंतिलेर याने 1822 मध्ये पॅरिसमध्ये म्हटलं की खेकड्याच्या जातीतला प्राणी पाठीवर उताणा ठेवला, तर त्याची आतली रचना आपल्यासारखीच दिसते. आराखडा एकच, फक्त पालथा. तिथलाच दुसरा प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए याने त्याची टर उडवली, आणि 1830 मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीत दोघांचा मोठा वाद झाला. जर्मनीत म्हातारा कवी गटे त्या वादाने इतका पेटला होता की, पॅरिसच्या ताज्या घडामोडींबद्दल तो उत्साहाने बोलू लागला तेव्हा भेटायला आलेल्याला वाटलं तो तिथे नुकत्याच झालेल्या राज्यक्रांतीबद्दलच बोलतोय. कुव्हिए जिंकला असं दीडशे वर्षं मानलं गेलं. मग 1990 च्या दशकात बेडकाच्या त्या ओठात आणि पृष्ठरज्जूत ‘कॉर्डिन’ नावाचं प्रथिन मिळालं, जे आसपासच्या भागाला पोट होऊ देत नाही. त्याचं सख्खं भावंड माशीत सापडलं, तेच काम करणारं, पण माशीच्या पोटाच्या बाजूला. म्हणजे जुना जॉफ्र्वा अगदीच हवेत बोलत नव्हता. कुठल्या तरी पूर्वजाने कूस बदलली आणि आपण पालथ्याचे उताणे झालो. ती मात्र उलटल्यानंतरच्या घरात आली असावी, असं माझं मत. कारण पलीकडच्या बाजूला तिच्यासारखी सलग कांडी कुणाकडे दिसत नाही.

ती नीट जमली नाही तर काय होतं, हे उंदरांनी आधी दाखवलं. पॅरिसला नादिन दोब्रोवोल्स्काया-झावाद्स्काया या रशियन बाईंनी 1927 मध्ये आखूड शेपटीच्या उंदरांची नोंद केली. त्यांच्यातला बिघडलेला जनुक म्हणजे ‘ब्रॅकियुरी’. या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर पृष्ठरज्जू उभीच राहत नाही आणि पिल्लू गर्भातच मरतं. न्युसलाइन-फोलहार्ड यांच्याच ट्युबिंगेनमधल्या प्रयोगशाळेने पुढे झेब्राफिशची हजारो पिल्लं तपासली. काहींत पृष्ठरज्जूला ताठपणाच येत नव्हता, त्यामुळे मासे लांब न होता खुजे राहत. त्या जनुकांना त्यांनी हिमगौरीच्या सात बुटक्यांची नावं देऊन टाकली: झोपाळू, चिडका, लाजाळू, शिंकरा वगैरे. ही नावं मला सोनिकपेक्षा पसंत आहेत. निदान त्यांत आजाराचं वर्णन तरी आहे.

आता तिच्या उरलेल्या तुकड्यांकडे. माणसाच्या पाठीत मणक्यांच्या मधल्या तेवीस गाद्या आहेत. गादीचं बाहेरचं कडं चिवट तंतूंचं, आणि मधोमध बुळबुळीत, पाणी धरून ठेवणारा गर. तो गर तिने मांडलेला. उंदरांवरच्या प्रयोगांत तिच्या पेशींवर खूण करून ठेवली, तेव्हा गरातल्या पेशी तिच्याच निघाल्या. दिवसभर वजन सोसून हा गर पाणी सोडतो, रात्री आडवं झालं की पुन्हा शोषून घेतो. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो, आणि वजन नसलेल्या अवकाशात राहून आलेले अंतराळवीर त्याहून बरेच उंच होऊन येतात.

माणसात तिच्या त्या मोठ्या पोकळ्यांच्या पेशी वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास दिसेनाशा होतात. जागा घेतात त्या लहान, कमी दमाच्या पेशी. गादीच्या गाभ्यात रक्तवाहिनी नसते, त्यामुळे झीज भरून यायला वाव कमी. चाळिशी आली की ओळखीतलं कुणी ना कुणी सांगतंच, ‘मणक्यात गॅप आलाय’ किंवा ‘गादी सरकलीय’. गॅप खरं तर कमी झालेला असतो. कड्याला भेग पडून तिचा तो गर बाहेर येतो, मज्जातंतूवर टेकतो आणि पायात कळ उतरते. कुत्र्यांत हा हिशेब आणखी स्पष्ट दिसतो. अनेक जातींत तिच्या मूळच्या पेशी म्हातारपणापर्यंत टिकतात आणि गाद्याही टिकतात. फ्लॅटमधल्या लोकांचा लाडका, बुटक्या पायांचा डॅशहुंड वर्षभराचा होईतो त्या गमावून बसतो, आणि पाठीचं दुखणं त्याच्यामागे लवकर लागतं. डुक्कर आणि ससा आयुष्यभर त्या बाळगून असतात. म्हणून गाद्यांवर काम करणारे संशोधक आता तिच्या पेशी प्रयोगशाळेत पुन्हा घडवायच्या मागे आहेत.

क्वचित कुणात तिच्या चार पेशी जायचं विसरतात आणि मग नको त्या वयात कामाला लागतात. कवटीच्या बुडाशी किंवा माकडहाडाजवळ, म्हणजे तिच्याच जुन्या कांडीच्या दोन टोकांना, गाठ वाढू लागते. तिला कॉर्डोमा म्हणतात. दहा लाखांत वर्षाला साधारण एकाला होणारा कर्करोग. सावकाश वाढतो, पण काढायला फार कठीण. ओळखायची खूण म्हणजे पेशींत चालू असलेला ब्रॅकियुरी, त्या आखूड शेपटीच्या उंदरांचाच जनुक. एकोणिसाव्या शतकात फिर्खोव याने कवटीच्या तळाशी अशा गाठी पाहिल्या होत्या आणि त्यांना कूर्चा समजला होता. त्या तिच्या आहेत हे दुसऱ्याने सांगितलं, आणि 1890 च्या दशकात रिबर्ट याने सशाच्या गादीला टोचून आतला गर बाहेर येऊ दिला आणि तसल्याच गाठी वाढवून ते पक्कं केलं.

घरात कुणाच्या कमरेच्या एमआरआयच्या फिल्म्स कपाटात पडल्या असतील तर काढा आणि खिडकीच्या उजेडात धरा. त्यांतली एक अशी असते की जिच्यात पाणी पांढरं दिसतं. मणक्यांच्या चौकोनांमध्ये आडव्या गाद्या दिसतील, आणि पाणी टिकलेल्या गादीच्या मधोमध एक पांढरा ठिपका. तो तिचा मुक्काम. ज्या गादीत तो काळपट झालाय तिथलं पाणी गेलं. कमरेच्या पाच गाद्यांपैकी सर्वांत खालच्या दोन सहसा आधी काळ्या पडतात.